मळ्याला आलेलं गिऱ्हाईक

परवा सांगलीच्या सराफकट्ट्यावर तेजाबाचा उग्र वास आला आणि मी तिथंच थबकले. वडिलांच्या सदऱ्याला हाच वास असायचा. ते मदुरैला भाड्याच्या दुकानात सोनं गाळायचे. आई आणि मी कवठे महांकाळजवळच्या मळ्यात राहायचो.

एका सुगीत ते आले, ते मळ्याला गिऱ्हाईक घेऊनच. तिकडं स्वतःचं दुकान घ्यायचं होतं. गिऱ्हाईक बांधावरून फिरू लागलं, तशी शाळू काढणारी आई विळ्यासकट समोर आली.

"आवं, रान इकून आमी ऱ्हायचं कुठं?"

"माझ्यासंगं चला की दोघी. लय वर्सं एकटा हाय मी तिथं."

"आन् तिथं न्हाई जमलं तर? रान गेल्यावर परत यायचं कुठं?"

वडिलांनी गिऱ्हाइकाला वाटेला लावलं आणि दुसऱ्या दिवशी एकटेच मदुरैला गेले. दुकान शेवटपर्यंत भाड्याचंच राहिलं.

रान वाचलं म्हणून तेव्हा मला केवढा आनंद झाला होता! आता ते माझ्या नावावर आहे, पण बांधावर उभी राहिले की जीव थाऱ्यावर राहत नाही. त्या सुगीत वडील आम्हाला न्यायला आले होते, हे मला फार उशिरा कळलं.