उचकी थांबली नाही

माझ्या बायकोला झटका आला त्या सकाळी घरात सगळे हसत होते.

ती बांगडे साफ करत होती. एकदम म्हणाली, "घर फिरता माझ्याभोवती," आणि ओकली. आदल्या रात्री तिसऱ्या, खाडीतल्या शिंपल्या, खाल्ल्या होत्या, आम्ही दोष त्यांना दिला. तिला निजवलं, तर उचकी सुरू झाली.

आमच्याकडे उचकी लागली की आठवण काढणाऱ्यांची नावं घेतात. खऱ्या नावाला ती थांबते म्हणतात. माझी आई विचारू लागली, "कोण याद काढता गो? चेडू?" मुंबईच्या मुलीचं नाव घेऊन झालं, आरोंद्याच्या मावशीचं झालं. "मगे शेजारीण आसतली, तिची वाटी अजून तुझ्याकडे आसा!" बायकोही हसली. हसते म्हणजे बरी आहे, असं मी धरलं. तोंड वाकडं नव्हतं, हातपाय हलत होते, रक्तदाब दीडशे-नव्वद. गावच्या डॉक्टरांनी चक्कर थांबायचं इंजेक्शन दिलं.

दुपारी सोलकढी दिली, ती नाकातून बाहेर आली. आवाज घोगरा झाला, डावी पापणी उतरली. हात धुवायला कढत पाणी दिलं, तर म्हणाली, "उजव्या हाताक थंड लागता." गाडी काढली. आधी कणकवली, तिथून गोवा.

तिथल्या डॉक्टरांनी थंड आणि गरम चमचा लावून पाहिला. डाव्या गालाला आणि उजव्या अंगाला फरक कळत नव्हता. "मेंदूच्या देठाचा झटका आहे. उचकीही त्याचीच. यात हातापायातली ताकद बहुधा जात नाही, म्हणून ओळखायला उशीर होतो." गुठळी विरघळवण्याची वेळ निघून गेली होती. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, नाकातून नळी, आणि तोंडाने पाण्याचा थेंबही नाही; घोट श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया. बऱ्याच जणांना काही आठवड्यांत गिळता येतं, असं ते म्हणाले.

तिला आलं नाही. आता नळी थेट पोटात आहे. गाळलेली पेज दोनशे मिली मोजून मी ओततो. स्वयंपाक तीच करते. चव जिभेला लावून थुंकते. उजव्या हाताला चटका कळत नाही, म्हणून पातेली मी उतरवतो.

परवा पुन्हा गिळण्याची तपासणी झाली. चमचाभर दाट पेजेला ती गुदमरली. घरी येऊन तिने बांगड्यांचं तिखलं केलं, आम्हाला वाढलं आणि समोर बसली. तिला उचकी लागली. आईने तोंड उघडलं आणि मिटलं.

"घेवा ना नाव," बायको घोगऱ्या आवाजात म्हणाली.

आई ताटावरून उठली.