नानाजींचं प्लास्टर रूमशी वैर

आमच्या हॉस्पिटलात ड्रेनेज साफ करणाऱ्या नानाजींबद्दल एक गोष्ट सगळे छातीठोकपणे सांगतात. नानाजी म्हणे स्वतःच ड्रेनेजच्या लाइनीत पोती कोंबतात. लाइन तुंबली की सगळे त्यांच्या नावानं ओरडत सुटतात, आणि नोकरी पक्की राहते.

साफ खोटं. माझ्या आईचं कॅन्टीन तळमजल्यावर, ड्रेनेजच्या मोठ्या चेंबरला लागूनच आहे, त्यामुळे मला माहीत आहे. खरं याहून वाईट आहे. एवढ्या मोठ्या इमारतीच्या पाइपांतून जे काही निघतं, ते नानाजी फेकत नाहीत. ज्या मजल्याचं, त्या मजल्याला परत देऊन येतात. किडनी ट्रेमध्ये नीट मांडून, सिस्टरांच्या टेबलावर, सगळ्यांच्या देखत. हातमोजे, कापसाचे बोळे, पट्ट्या. बाळंतिणींच्या वॉर्डाला तर एकदा अख्खं झबलं परत मिळालं.

"घ्या, तुमची अमानत," म्हणतात. "मागून म्हणान, नानाजीनं चोरलं."

त्यांचा आवाज काढणं सोपं आहे. आधी घशातून टाकी रिकामी होत असल्यासारखी घरघर काढायची, मग समोरच्याच्या खानदानाकडे वळायचं. नानाजींना कोणीच आवडत नाही. डॉक्टर म्हणजे "हात धुऊन धुऊन पाइप झिजवणारे". पेशंटचे नातेवाईक "साबुदाणा सांडायलेच येतात". आणि माझी आई, जी त्यांना रोज चहा पाजते, ती "चहापत्तीवाली". आईही कमी नाही. "नानाजी, आधी तुमच्या तोंडाले जाळी बसवा," म्हणते.

पण खरं वैर तिसऱ्या मजल्यावरच्या नीला सिस्टरांशी. हाडांचा वॉर्ड त्यांचा, प्लास्टर रूमही त्यांची. राहायला शहरातल्या महाल वस्तीत. बोलणं इस्त्री केलेलं, आणि प्रत्येक वाक्याच्या आधी 'हे बघा'. प्लास्टर रूमचा नियम असा की प्लास्टरची बादली सिंकमध्ये ओतायची नाही. पांढरं पाणी ड्रममध्ये ओतायचं, गाळ तळाला बसू द्यायचा आणि घट्ट झाला की तो गोळा कचऱ्यात टाकायचा. सिंकमध्ये ओतलं, तर पेशंटच्या पायावर ते जसं कडक होतं, तसंच पाइपात कडक होतं. हाड जुळतं, पाइप मरतो.

या उन्हाळ्यात तो पाइप पुन्हा पुन्हा मेला. शेवटी घाण पाणी खालच्या एक्स-रेच्या खोलीत उतरलं. ऑफिसातल्या पुष्कर सरांनी नानाजींना गाठलं ते कॅन्टीनसमोरच. सर बोलताना शर्टाची बाही ओढत राहतात.

"देखो नानाजी, बेसिकली, अब एक बार भी चोक हुआ तो काम बाहरच्या एजन्सीला. तुमचं खतम."

"तिसऱ्या मजल्याले विचारा ना! प्लास्टर ते ओतून राहिले, अन् फाशी मले काहून?"

"सिस्टर म्हणतात, तुम्ही लाइन साफच करत नाही."

त्या दिवशी नानाजींनी चहाला हात लावला नाही. वय असं की दुसरीकडे कोणी ठेवणार नाही, आणि स्वभाव असा की ठेवलं तरी दुपारपर्यंतच. हे आई म्हणाली, त्यांच्या तोंडावर. "म्हणूनच सांगते, जरा गोड बोलत जा."

"गोड बोलून का होते वं? शुगर."

दुसऱ्या दिवशी सकाळी नानाजींनी प्लास्टर रूमच्या सिंकखालचा वळणाचा पाइप, म्हणजे बेंड, खोलून काढला आणि पुष्कर सरांना वर बोलावलं. मी चहाची किटली घेऊन पोचले तेव्हा भांडण रंगात आलं होतं. नानाजींच्या हातात बेंड होता आणि बेंडमध्ये दगड झालेलं प्लास्टर.

"हे पाहा, सर. पाइपाले फ्रॅक्चर झालं होतं का?"

"हे बघा," नीला सिस्टर म्हणाल्या, "ते जुनं आहे. माझ्या आधीच्या सिस्टरांच्या काळातलं. माझ्या वॉर्डात नियम म्हणजे नियम."

"तुमचा नियम भिंतीवर चिकटवला हाय. हात का करून राहिले, ते कोण पाहते?"

"आवाज खाली! पेशंट आहेत इथे!" नुकतंच एकाला प्लास्टर करून झालं होतं. सिस्टरांनी रागारागानं त्याची बादली उचलली, नळाखाली धरली, खळखळ विसळली. "पुष्कर सर, मी लिहून देते. आमच्याकडून या सिंकमध्ये एक थेंबसुद्धा..."

आणि बादली सिंकमध्ये ओतली.

बेंड नानाजींच्या हातात होता. पांढरं पाणी सिंकखालून धो धो बाहेर आलं, सिस्टरांच्या चपला भिजवून पुष्कर सरांच्या काळ्या बुटांत शिरलं. बादली उचलल्यापासून नानाजींचे डोळे तिच्यावरच होते. शिंकणाऱ्यालाही शिवी घालणारा हा माणूस, पण तेव्हा हूं की चूं केलं नाही. सगळं पाणी वाहून गेल्यावर त्यांनी घशातली टाकी रिकामी केली.

"एक थेंब," ते म्हणाले.

पुष्कर सर बाही ओढत बुटांकडे बघत राहिले. "बेसिकली..." म्हणाले, आणि एक बूट झटकला. मग म्हणाले, "एजन्सीचं राहू द्या. सिस्टर, ड्रम कुठे आहे?"

ड्रम पडद्यामागे सापडला. त्यात कुबड्या ठेवल्या होत्या.

जिना उतरताना मी नानाजींच्या मागेच होते. नोकरी वाचल्याचा आनंद तोंडावर कुठेच नव्हता. "आता सिस्टर सॉरी म्हणतील बघा," मी म्हटलं.

"ते? मरतीन, पण म्हणणार नाही."

"आज संध्याकाळपर्यंत म्हणतील. लावता पैज?"

"लाव वं पोट्टे. हरली तर माहे गमबूट धुशीन. आतून."

"आणि तुम्ही हरलात, तर उद्या दिवसभर सगळ्यांशी प्रेमानं बोलायचं."

नानाजी जिन्यातच थबकले. मग दात खाऊन म्हणाले, "मंजूर."

संध्याकाळी नीला सिस्टर खरंच खाली उतरल्या, आणि तडक चेंबरपाशी गेल्या. लाइनीत घालायची लांब स्प्रिंग नानाजींनी बाजूला ठेवली. मी काउंटरवरून अर्धी बाहेर लोंबकळले.

"हे बघा," सिस्टर म्हणाल्या, आणि मला वाटलं, जिंकले. त्यांनी पिशवीतून चपला काढल्या. प्लास्टर वाळून त्यांचा दगड झाला होता. चेंबरच्या झाकणावर त्या खाणकन आपटल्या. "हे तुमच्यामुळे झालंय. काढून द्या."

"माह्यामुळं? चपला तुमच्या, प्लास्टर तुमचं, पाय तुमचे!"

"बेंड काढल्यावर सांगायची पद्धत असते!"

"अन् बादली ओतायची नसते का?"

दोघं असे भिडले की लिफ्टवाला लिफ्ट उघडी टाकून बघायला आला. नानाजींचा चेहरा त्या दिवसात पहिल्यांदा उजळला होता. भांडण न थांबवता त्यांनी एकेक गमबूट काढला आणि पायानंच माझ्याकडे ढकलला.