झोपलेला राक्षस

मुलं त्यांना रबरकाका म्हणायची, तेही अगदी तोंडावर. कारण शर्टाच्या खिशात पेन नसलं तरी चालेल, खोडरबर हवंच. उभं आयुष्य दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेलं. पुढे मशीनवर छापलेल्या पाट्या आल्या आणि काकांचे ब्रश डब्यात वाळून गेले. तेव्हा काकूंनीच पुढच्या खोलीतली खाट भिंतीला सरकवली, चटया अंथरल्या आणि सुट्टीच्या दिवशीचा चित्रकलेचा वर्ग सुरू करून दिला. "दिवसभर माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवण्यापेक्षा पोरांना शिकवा काहीतरी," म्हणाल्या.

आणि शिकवायचे हो छान. पेन्सिल कशी धरायची इथपासून सुरुवात. नवख्यांसाठी राक्षसाचा धडा म्हणजे तर त्यांचा हातखंडा. आधी एक अंडं काढा, अंडं कुणालाही येतं. वर दोन शिंगं. मग डोळे वटारलेले, एक बशीएवढा, एक बटणाएवढा. "दोन्ही सारखे काढलेत तर तो राक्षस नाही, हेडमास्तर होईल," असं म्हटलं की पोरं पोट धरून हसायची. मग वेडेवाकडे दात, मागे काळी सावली, झाला राक्षस तयार.

खोड एकच होती. पाट्यांच्या धंद्यात हाताखालच्या माणसाचं अक्षर वाकडं गेलं, तर गिऱ्हाईक यायच्या आत आपण ते सरळ करायचं. ती सवय हाताला चिकटली ती चिकटलीच. आईवडिलांना चित्रं दाखवायचा दिवस जवळ आला की काका सगळे कागद टेबलावर मांडून बसायचे आणि प्रत्येकावरून जरासा हात फिरवायचे. इथलं शिंग उचल, तिथला दात टोकदार कर. आईवडील खूश, पोरं खूश. मग बिघडलं कुठे, असं त्यांना वाटायचं.

त्या खेपेला कोपऱ्यातलीचा कागद हाती आला. ही एक अबोल मुलगी, कायम खिडकीखालच्या कोपऱ्यात बसायची, म्हणून हे नाव. कागदाच्या अगदी तळाशी एवढासा राक्षस, अंगाची जुडी करून पडलेला, आणि डोळ्यांच्या जागी नुसत्या दोन आडव्या रेघा. काकांना वाटलं, पोरीचं राहून गेलं असणार. बिचारीची आई औषधाच्या दुकानातल्या नोकरीवरून धावतपळत येणार, आणि बघणार काय, तर हे? त्यांनी रबर काढलं, सगळं पुसलं आणि कागदाच्या मधोमध झकास राक्षस उभा केला. बशीएवढा डोळा, बटणाएवढा डोळा, सावलीसकट. खाली तिचं नाव होतं, तेवढं ठेवलं.

दुसऱ्या दिवशी भिंतीवर चित्रं लागली. कोपऱ्यातली या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा जाऊन आली आणि म्हणाली, "माझं लावलंच नाही."

"अगं हे काय, नाव आहे की तुझं," आई म्हणाली. कौतुकाने तिचा चेहरा फुलला होता.

"हा माझा नाही. माझा झोपलेला होता. तो उठला की काय करेल ते कुणालाच माहीत नाही, म्हणून त्याची भीती वाटते."

इतकी वर्षं काका डोळे वटारायला शिकवत होते आणि ही एवढीशी पोर दोन रेघांत खरी भीती घेऊन आली होती. ती त्यांनी रबराने पुसून टाकली होती.

"लोकांसमोर खोटं बोलतेस?" आईचा आवाज चढला. "काका एवढं शिकवतात आणि वर हे? सॉरी म्हण त्यांना."

तेव्हाच बोलायला हवं होतं. सगळ्यांचे आईवडील आजूबाजूला उभे होते, आणि एक गोष्ट कबूल केली की भिंतीवरच्या सगळ्याच चित्रांचं बिंग फुटणार होतं. काका मूग गिळून गप्प बसले. कोपऱ्यातली मान खाली घालून "सॉरी काका" म्हणाली. त्यावर या माणसाने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. माफ केल्यासारखा. ते सुचलं तरी कसं, याची त्यांना नंतर इतकी लाज वाटली की रात्री भरलं ताट सारून ते उठले.

काकूंनी विचारलं तेव्हा सगळं बाहेर आलं. "माझ्यापुढे काय रडताय," काकू म्हणाल्या, "पोरीपुढे जा. आणि आधी आईला सांगा."

ते औषधाच्या दुकानात गेले. काउंटरवर गर्दी नाही असं पाहून एका दमात सांगून टाकलं. आई हसली. "अहो काका, ते का आम्हाला कळत नाही? तिला येतंय होय एवढं सुंदर? सगळ्याच क्लासात हात फिरवतात."

"कळत होतं, तर तिला खोटारडी का म्हणालात?"

तिचं हसू मावळलं. "चारचौघांत तुमचा मान राहावा म्हणून," ती हळूच म्हणाली. माझा मान राखायला पोरीला खोटं पाडलं, हे ओझं घेऊन काका घरी आले.

पुढच्या वर्गात त्यांनी सगळ्या मुलांदेखत सांगितलं. "हिचा राक्षस झोपलेला होता. मी तो पुसला आणि माझा काढला. ही खरं बोलत होती, मी गप्प बसलो. चूक माझी." मग कोपऱ्यात जाऊन तिच्यासमोर बसले, कोरा कागद ठेवला. "तुझा तू परत काढ. मी हात लावणार नाही."

तिने बराच वेळ कागदाकडे पाहिलं. मग मान वाकवून काढायला लागली, सावकाश, जीभ दातांत धरून. काका मुद्दाम दुसरीकडे बघत राहिले. कागद पुढे सरकल्याचा आवाज आला तेव्हाच त्यांनी पाहिलं.

मधोमध मोठा राक्षस होता. एक डोळा बशीएवढा, एक बटणाएवढा, मागे काळी सावली. एकही रेघ वाकडी नव्हती.

"आता बरोबर आहे ना, काका?" तिने विचारलं.