सरकारी जीप खाचरात रुतली तेव्हा

आमच्या आरोग्य केंद्राला जीप मिळाली तेव्हा ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि मला नर्सच्या नोकरीत दोन वर्षं झाली होती. जीप नवी नव्हती. दुसऱ्या कुठल्या तरी खात्यानं वापरून, दमवून ती आमच्याकडे पाठवली होती. पण तिच्याबरोबर आलेले ड्रायव्हर तिच्याविषयी इतक्या अभिमानानं बोलायचे, की ऐकणाऱ्याला वाटावं, ही थेट कारखान्यातून यांच्याच नावानं आली आहे.

ते पन्नाशीचे होते. जन्म भिवंडीतला, सगळं आयुष्य लूमवाल्या मोहल्ल्यात गेलेलं, त्यामुळे बोलणं निम्मं मराठी, निम्मं हिंदी. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. जीपमध्ये गिअरशेजारी आणखी एक आखूड दांडा होता. त्याला मामांनी लाल लोकरीचा गोंडा बांधला होता. नवीन माणूस गाडीत बसला की मामा त्या गोंड्यावर हात ठेवून सांगायचे, "फोर व्हील है. हा ओढला की चारही चाकं जोर लावतात. ही गाडी चिखलात अडकतच नाही."

तो दांडा ओढताना मात्र त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "सिस्टर, तशी वेळ यावी लागते."

वेळ आली ती गणपती होऊन गेल्यावर.

वज्रेश्वरीच्या रस्त्यापासून आत, नाल्याच्या पलीकडे एक लहानसं गाव होतं. पंचवीसेक घरं, सगळी भातशेतीवाली. त्या गावाशी माझं जमत नव्हतं. लसीकरणाच्या दिवशी मी पोचले की गावात एक मूल दिसायचं नाही. आया पोरांना काखेत मारून शेतावर निघून जायच्या. दोन महिने फेऱ्या मारून मला तीन मुलं मिळाली होती, आणि त्यातलं एक पाहुणं आलेलं होतं. मीही काही कमी नव्हते. शहरातली, पांढऱ्या साडीतली, घाईतली. एखाद्या अंगणात उभी राहून घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात अशी मोठमोठी नावं घेऊन भाषण द्यायचे. बाहेर मामा हॉर्न वाजवायचे. पंधरा मिनिटांत आम्ही पुढच्या गावाला.

त्या दिवशी तीन दिवसांचा पाऊस उघडला होता. लसीची पेटी मांडीवर घेऊन मी पुढे बसले होते. नाल्याशी आलो तर नेहमीची गाडीवाट पाण्यानं खचलेली. बाजूनं एका खाचरातून बैलगाड्यांनी नवी वाट पाडली होती. तिच्यावर पाणी साचून वरून छान सपाट दिसत होतं.

"मामा, इथंच थांबू. पलीकडे घरं दिसतायत. मी चालत जाते," मी म्हटलं.

मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या जेवणात मीठ कमी आहे म्हणाले होते. "मग ही गाडी कशाला दिली सरकारनं?" त्यांनी टोपी सारखी केली, गोंड्यावर हात ठेवला आणि दांडा ओढला. खाली कुठं तरी खट्‌ असा आवाज झाला. "आता बघा."

मी बघितलं. जीप वीसेक फूट झोकात गेली, मग मंदावली, मग मागून खाली बसत गेली. मामांनी ॲक्सिलेटर दाबला. मागची चाकं जागच्या जागी गरागरा फिरली. गाडी पुढं काही सरकली नाही, पण मी काय झालं ते बघायला दारातून वाकले होते, ती मात्र डोक्यापासून कमरेपर्यंत चिखलानं भरले. आणखी दोनदा जोर लावला तेव्हा गाडीचं पोटच जमिनीला टेकलं. मामांनी इंजिन बंद केलं.

एकदम सामसूम झालं. आमच्या भिवंडीच्या घराच्या भिंतीपलीकडे लूम होते. खटखट थांबली की आम्हाला झोपेतून जाग यायची. त्यामुळे इतकी शांतता मला जरा घाबरवणारीच वाटायची. त्या शांततेत मागून कुणी तरी हसलं.

बांधावर बायका उभ्या होत्या. आधी चार, मग दहा, मग सगळं गाव. आणि ज्यांच्यासाठी मी दोन महिने घाम गाळला होता ती सगळी पोरं, कुणी काखेत, कुणी पदराला धरून, सरकारी गाडीचं हे रूप बघायला आली होती. त्या बायकांत पुढं एक म्हातारी होती. नऊवारी गुडघ्याच्या वर खोचलेली, हातात विळा. गावात तिचाच शब्द चालतो हे मला माहीत होतं, कारण मागच्या खेपेला तिनंच मला सांगितलं होतं, "पोरं न्हाईत घरी. जा."

"काय बाय," ती आता म्हणाली, "आज शेतीचं काम काढलंस व्हय?"

मी तोंडातला चिखल थुंकत होते.

मामांनी जॅक काढला. गाडी उचलायला तो चाकामागं लावला आणि दांडा फिरवायला लागले. गाडी होती तिथंच राहिली. जॅकच शांतपणे चिखलात उतरत गेला आणि दिसेनासा झाला. बायकांना हसू आवरेना. म्हातारीनं गोठ्यातून एक जाड फळी आणवली आणि जॅकखाली टाकायला लावली. जॅक आधी शोधावा लागला. मग गाडीचं पोट वीतभर वर आलं, पण चाकं चिखलातच राहिली.

तेवढ्यात एक शेतकरी आला. मधल्या वयाचा, बोलायला सावकाश. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली आणि मामांना म्हणाला, "परत एकदा चालू करा बरं."

मामांनी इंजिन चालू केलं. मागची चाकं फिरली. शेतकरी पुढं उकिडवा बसून बघत राहिला. मग म्हणाला, "तुमी तर चारी चाकं फिरतात म्हनता. पुढची कुठं फिरतात?"

मामा खाली उतरले. वाकून गाडीखाली बघितलं, आणि जरा जास्तच वेळ बघत राहिले. मीही वाकले. मला गाडीतलं काही कळत नव्हतं, पण मागच्या चाकांकडे इंजिनापासून एक लोखंडी दांडा गेलेला दिसत होता. पुढच्या चाकांकडे तसा दांडाच नव्हता. नुसती मोकळी जागा होती.

"मामा, पुढचा दांडा पडला की काय?"

मामांनी इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज एकदम खाली आणला. "पडला नाही. काढलाय. फार आवाज करायचा, आणि डिझेल पण जास्त खायचा. म्हणून मीच गॅरेजात काढून ठेवायला लावला."

"कधी?"

"गाडी मिळाली त्याच महिन्यात."

"आणि मग तो गोंडा?"

"गोंडा चांगला दिसतो, सिस्टर." मग म्हणाले, "डॉक्टरसाहेबांना सांगू नका."

"मी रोज सकाळी पंचशील म्हणते, मामा. खोटं बोलणं जमणार नाही," मी म्हटलं. त्यांचा चेहरा इतका उतरला, की मला राहवेना. "पण साहेबांनी विचारलं नाही तर आपण होऊन सांगावं, असं काही त्यात नाही."

शेतकऱ्यानं निकाल दिला, की हे माणसांचं काम नव्हे. त्याची रेड्यांची जोडी नाल्याच्या वरच्या अंगाला चरत होती. ती आणायला तासभर लागणार होता. तो गेला. मामा, ज्यांना पाच मिनिटं थांबणं कधी जमलं नाही, ते बांधावर मान खाली घालून बसले. मी पेटीवर ओलं फडकं टाकून ती सावलीत ठेवली आणि त्यांच्या शेजारी बसले. आता हॉर्न वाजवायला कुणी नव्हतं.

एक तरुण आई काखेतलं मूल सावरत म्हणाली, "गाडी आमी काढून देतो. पन तू आज सुई मारायची न्हाय."

"नाही मारत," मी म्हटलं. दुसरं काही म्हणायच्या स्थितीत मी नव्हतेच. "पण एवढं तर सांग, सुईवर राग का?"

ती म्हणाली, तिच्या थोरल्याला सुई दिली होती. त्या रात्री तो तापानं फणफणला. दुसऱ्या दिवशी लावणी होती आणि ती घरात अडकून पडली. सासूनं आठ दिवस ऐकवलं. इतकंच होतं. मी दोन महिने ज्याला अडाणीपणा समजत होते तो एक गेलेला दिवस होता.

"ताप येतो," मी म्हटलं. "बहुतेक पोरांना येतो. एक दिवस, फार तर दोन. मांडी दुखते, म्हणून रडतात. मी गोळी देते, ती अर्धी करून पाण्यातून द्यायची, आणि अंगावर ओलं फडकं फिरवायचं. आपोआप उतरतो."

"मंग तवा का न्हाय सांगितलंस?"

तेव्हा मी घटसर्प सांगत होते.

मग प्रश्न सुरू झाले. पायावर गाठ का येते, पोर अंगावर पीत असेल तर चालतं का, तोंडात टाकायच्या थेंबांनी पण ताप येतो का. मी चिखलानं माखलेली, चप्पल हरवलेली, बांधावर मांडी घालून बसले होते, आणि कदाचित त्यामुळेच त्या मला विचारत होत्या. म्हातारी सगळं ऐकत होती. बऱ्याच वेळानं तिनं विळा खाली ठेवला, बाजूच्या बाईच्या काखेतून आपली नात उचलली आणि माझ्यासमोर बसली. "हिला दे. लावनी झालीय. आता ताप आला तर येऊ दे."

मी हातपाय धुऊन आले आणि कामाला लागले. त्या दिवशी सतरा मुलांना टोचून झालं. उकळून आणलेल्या सुया मध्येच संपल्या, तेव्हा म्हातारीच्या चुलीवर भांडं चढवून पुन्हा उकळल्या. पोरांच्या रडण्यानं तो शांत बांध असा दणाणला, की मला अगदी घरच्यासारखं वाटलं.

रेडे आले. शेतकऱ्यानं मागच्या चाकांपुढचा चिखल फावड्यानं उपसायला लावला. बायकांनी पेंढा आणि ऐनाच्या झाडाच्या फांद्या आणून चाकांखाली कोंबल्या. पुढं जाड दोरखंड बांधून रेडे जुंपले. शेतकरी मामांना म्हणाला, "मी सांगीन तवाच चालू करा. आनि हळू. जोर आमचा हाय."

मामा गाडीत चढून त्याच्या इशाऱ्याची वाट बघत बसले. रेडे वाकले, गाडी डुलली, खालून मोठा डबक्‌ असा आवाज झाला आणि चिखलानं तिला सोडलं. कडेच्या कोरड्या जमिनीवर ती आली तेव्हा मामांनी उतरून आधी रेड्यांच्या पाठी थोपटल्या, मग शेतकऱ्याला सलाम केला.

आम्ही निघणार, तर म्हातारी स्वच्छ लुगडं नेसून येऊन पुढच्या सीटवर बसलेली. "मना अकलोलीला सोडा. लेक बाळंत झालीय. एश्टीची वाट बघून कंबर मोडते."

सरकारी गाडीत बाहेरची माणसं घ्यायची नाहीत, असा नियम होता. मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी पेटी घेऊन मागं जाऊन बसले. वाटेत ती प्रत्येक वळणावर मामांना गाडी कशी चालवायची ते सांगत होती आणि मामा "हां आजी, हां आजी" करत होते.

अकलोलीला गरम पाण्याच्या कुंडाशी तिनं गाडी थांबवली. "असं चिखलाचं तोंड घेऊन माझ्या लेकीच्या घरी येता व्हय? धुवा आधी." आम्ही दोघांनी निमूटपणे हातपाय धुतले. कढत पाण्यात पाय सोडून मामा डोळे मिटून इतका वेळ बसले, की म्हातारीनं त्यांना उठवलं.

लेकीचं घर तिथून चार पावलांवर. दीड महिन्याचं बाळ टोपड्यात गुंडाळून झोपलं होतं. म्हातारीनं ते माझ्यापुढं धरलं. "याला पन दे."

पेटी रिकामी होती. मी तिला तसं सांगितलं. ती जरा रागावली. सरकारी माणसं कामाच्या वेळेला असंच करतात, असं लेकीला म्हणाली. मी पुढच्या सोमवारी येते म्हणून वहीत घर टिपून घेतलं.

सोमवारी जीप दुरुस्तीला होती. मी पेटी घेऊन एसटीनं अकलोलीला गेले. म्हातारी लेकीच्या ओट्यावर बसली होती आणि तिच्या शेजारी गल्लीतल्या पाच बाया, आपापली पोरं मांडीवर घेऊन, ताप किती दिवस राहतो ते तिच्याकडून समजावून घेत होत्या.