पाच आठवड्यांची सुदा

“नाक बसकं आहे तुमचं. चालून जाईल.”

संचालक सर हे माझ्या तोंडावर म्हणाले. शनिवार पेठेतल्या त्या संस्थेच्या कचेरीत, पंख्याखाली बसून. मी उभी होते. समोर खुर्ची रिकामी होती, पण बसा कोणी म्हणालं नव्हतं.

चालून जाईल म्हणजे काय, तर मी थायलंडची बाई म्हणून खपेन.

संस्थेत दर उन्हाळ्यात आग्नेय आशियातल्या भाषांचे वर्ग भरत. थाय, व्हिएतनामी, इंडोनेशियन. सहा आठवडे, रोज सहा तास, घाण्याला जुंपल्यासारखे. सकाळी तासभर सर व्याकरण सांगणार, मग दिवसभर शिक्षिकेनं विद्यार्थ्यांकडून बोलून घ्यायचं. त्या वर्षी थायच्या वर्गाला बँकॉकहून बाई यायच्या होत्या. ऐन वेळी आल्या नाहीत. पण पत्रकात ‘थायलंडच्या शिक्षिका’ असं छापून गेलं होतं, आणि छापून गेलेलं चुकलं असं म्हणायची आमच्या पुण्यात पद्धत नाही.

सरांनी माझी परीक्षा घेतली होती. त्यांचं थाय पुस्तकातलं. संस्कृत येतं म्हणजे थाय अर्धं आलंच, असं त्यांचं मत. त्यांनी एक वाक्य टाकलं. मी तीन वाक्यांत उत्तर दिलं. त्यांना ते कळलं नाही, पण मान त्यांनी डोलावली.

“उच्चार उत्तम आहे. कुठं शिकलात?”

“आईच्या खाणावळीत.”

खरंच तिथंच शिकले. येरवड्यात आमच्या शेजारच्या दोन खोल्यांत थायलंडहून पुण्यात शिकायला आलेली मुलं राहायची, त्यांच्यात चीवर घातलेले भिक्खूही असायचे. आई त्यांना रांधून घालायची. मी आठ वर्षांची असल्यापासून ताटं वाढायची. ताटं वाढता वाढता बोलायला लागले. त्यातल्या एका भन्तेंनी मला पाच वर्षं रोज दुपारी लिपी शिकवली, त्यांची वर्तमानपत्रं वाचायला लावली. एक स्वर, म्हणजे आवाजाचा चढउतार, चुकला तर दहा वेळा म्हणून घ्यायचे. अकराव्या वेळेला बरोबर आला तर एक केळं द्यायचे.

सर हसले. मग त्यांनी माझा अर्ज पुन्हा वाचला आणि हसायचे थांबले.

“हे आडनाव,” ते म्हणाले. अर्ज पालथा घातला. “गैरसमज नको. मी स्वतः असलं काही मानत नाही. पण येणारी मंडळी मानतात. शिवाय येरवडा. शिवाय खाणावळ. त्यापेक्षा आपण थायलंडच्याच व्हा ना.”

नावही त्यांनीच दिलं. सुदा. “मूळ संस्कृत सुता. कन्या,” ते म्हणाले आणि स्वतःवर खूश झाले. मराठी बोलायचं नाही. वर्गात नाही, जिन्यात नाही, दाराबाहेर पडेपर्यंत नाही. सहा आठवडे निभावले की शिकवण्याच्या अनुभवाचं पत्र मिळेल.

मी हो म्हणाले. कोणी गळ्यावर सुरी धरली नव्हती. तीन वर्षं मी भाषा शिकवायचं काम मागत फिरत होते. माझे उच्चार ऐकून खूश झालेली माणसं अर्ज वाचून गार पडायची. मला शिकवायचं होतं. मला ते येत होतं. एकदा फळ्यापुढं उभं राहू द्या, मग नाव काहीही ठेवा, इथवर मी आले होते. नाव मोठं लक्षण खोटं म्हणतात. माझं लक्षण खरं होतं, नावच खोटं. आईला मी यातलं काही सांगितलं नाही.

पहिल्याच दिवशी जिन्यात मावशी भेटली. चंद्रभागा मावशी. आमच्याच गल्लीतली, तीन दारं सोडून राहणारी. आई खाणावळीत अडकलेली असायची तेव्हा हिनं मला न्हाऊमाखू घातलंय. ती त्या संस्थेत झाडू-फरशी आणि संडास करायची, हे मला ठाऊक होतं. मी मान वळवली. तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा माझ्या मागच्या सरांकडं पाहिलं आणि बादली घेऊन खाली गेली. संध्याकाळी घरी जाऊन मी तिला सगळं सांगितलं. ती हसली. “बरं हाय की. मी न्हाय वळखत तुला.”

वर्गात चौदा जण होते. कंपन्यांत नोकरी करणारे, निवृत्त झालेले दोघं, भाषांतर करणाऱ्या काही मुली. सगळ्यात हुशार मृणाल. तिथंच पेठेत राहायची. थाय भाषेत पाच स्वर, आणि मराठी जीभ त्या स्वरांना फार वाकडी. पण मृणालचा कान तयार होता. मला ती फार आवडायची. हे लपवून काय करू?

आणि माझा मान काय सांगू! मी आले की सगळे उठून उभे राहायचे. कोणी साबुदाण्याची खिचडी आणायचं, कोणी घरचं पन्हं. त्यांच्या पेल्यातून मला पाणी द्यायचे. उभ्या जन्मात शनिवार पेठेनं मला एवढं विचारलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, मला ते गोड लागत होतं.

चौथ्या आठवड्यात मृणालनं मला घरी जेवायला नेलं. तिच्या आईनं मला स्वयंपाकघरात नेऊन पाटावर बसवलं, शेजारीच देवघर. कुंकू लावलं. नारळ दिला. माझ्या पानात तूप वाढता वाढता त्या लेकीला मराठीत म्हणाल्या, “किती स्वच्छ, नीटनेटक्या आहेत गं. बौद्ध ना या?”

मृणाल म्हणाली, “हो. पण तिकडच्या, आई. खऱ्या. आपल्याकडच्या नव्हेत.”

“ते दिसतंच आहे,” आई म्हणाल्या.

 मी हसले, कारण सुदाला मराठी येत नव्हतं. वरणभात दोनदा मागून खाल्ला. घरी जाऊन ओकले.

एवढ्यावर तरी मी शहाणं व्हायला हवं होतं. नाही झाले. दोनच आठवडे उरलेत, असं म्हणत राहिले.

पाचव्या आठवड्यातला मंगळवार. सकाळी मी विशेषणांच्या जोड्या घेत होते. मोठा-लहान, नवा-जुना, स्वच्छ-घाणेरडा. घाणेरडा या शब्दाला थायमध्ये तीन अक्षरं, तिन्हींचा स्वर खालचा. मराठी माणसाचं शेवटचं अक्षर हटकून वर उडतं. मी तासभर तो एक शब्द घोटून घेतला. कोणालाच जमेना.

मधल्या सुट्टीत मावशी वर्ग झाडायला आली. उन्हानं तिचा चेहरा काळवंडला होता. तिनं कोपऱ्यातल्या माठावरचा पेला घेतला आणि पाणी प्याली.

मृणाल म्हणाली, “अहो मावशी, हे काय? तुमचा पेला खिडकीत ठेवलाय ना वेगळा?” आवाज अगदी सौम्य. पुण्यात अपमानसुद्धा अहो-जाहो करून करतात. मावशीनं पेला खाली ठेवला. मृणालनं तो चिमटीत धरून बाजूला केला. मग तिला वाटलं, परदेशी पाहुणीला हा प्रकार समजावून सांगायला हवा. ती माझ्याकडं वळली आणि थायमध्ये म्हणाली, “माफ करा, बाई. ही बाई घाणेरडी आहे.”

तिन्ही स्वर खाली. अचूक. अख्ख्या वर्गात पहिल्यांदा.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं. थायमध्येच. “बरोबर! फार छान!”

मी टाळीसुद्धा वाजवली. शिकवणाऱ्याची खोड. कान स्वर ऐकतो, तोंड शाबासकी देऊन मोकळं होतं. वाक्य डोक्यात उतरेपर्यंत मावशी माझ्या हसऱ्या तोंडाकडं बघत होती. मग ती केरसुणी घेऊन निघून गेली.

संध्याकाळी मी तिच्या दारात गेले. ती मेथी निवडत होती.

“त्या पोरीनं काय म्हनलं गं त्या भाषेत?”

मी सांगितलं.

“आन् तू काय म्हनलीस?”

मला तेही सांगावं लागलं.

ती मेथी निवडत राहिली. मी रडायला लागले. स्वरांचं काहीतरी बोलायला लागले, खोड म्हणाले, चुकून म्हणाले. मला आजही त्या बोलण्याची शिसारी येते.

“रडू नगं,” मावशी म्हणाली. “तू रडून माजा प्याला खिडकीतनं आत येत न्हाय. आन् त्या पोरीचं मला काय बी वाटलं न्हाय, तसल्या लई बगितल्या. मी तुज्याकडं बगत हुते.” मग तिनं मेथीचं ताट बाजूला सारलं. “उद्या काय करतीस, ते सांग.”

दुसऱ्या दिवशी सरांचा तास संपल्यावर मी वर्गात गेले. सगळे उठून उभे राहिले. मी त्यांना बसवलं आणि फळ्यावर थाय लिपीत तीन शब्द लिहिले. माझं नाव, माझ्या वडिलांचं नाव, माझं आडनाव. थाय अक्षरांत आपले उच्चार जरा सैल बसतात, पण बसतात.

छडी टेकवली. ते वाचू लागले. पाच आठवडे मी त्यांना अक्षर दिसलं की वाचायचं आणि मोठ्यानं वाचायचं, असंच वळण लावलं होतं. पहिल्या शब्दाला कोणाला काही वाटलं नाही. दुसऱ्याला दोघं-चौघं हसले, हे तर मराठी आहे म्हणून. तिसऱ्या शब्दाशी चौदा आवाजांतले सहा-सात गळाले. आडनाव इथं लिहीत नाही. तुम्ही एवढा वेळ तेच शोधत असाल, तर शोधत बसा.

“पुन्हा,” मी थायमध्ये म्हणाले. त्यांनी वाचलं. “पुन्हा.” तिसऱ्या वेळी फक्त एक निवृत्त गृहस्थ वाचत होते, तेही खाली मान घालून.

मग मी मराठीत बोलले. “हे माझं नाव आहे. मी येरवड्याची. मराठी मला पहिल्या दिवसापासून येतं.”

चौदाही चेहऱ्यांवर एकच धांदल दिसली. पाच आठवड्यांत आपण हिच्यासमोर काय काय बोललो, ते जो तो आठवत होता. मृणाल पांढरी पडली.

“काल मृणाल एक वाक्य बोलली आणि मी बरोबर म्हणाले,” मी म्हणाले. “ती माझी चूक होती. उच्चार बरोबर होता. वाक्य खोटं होतं. वहीत दुरुस्त करून घ्या.”

दोघांनी खरंच वही उघडली. सवयीनं.

सरांनी मला खाली बोलावलं.  “तुम्ही फसवणूक केलीत आमची.”

“नाव तुम्ही दिलं होतं, सर.”

“पाच आठवडे इतक्या मानानं वागवलं तुम्हाला!”

“मला नाही. सुदाला.”

 मग त्यांना बोट ठेवायला जागा सापडली. “पत्र विसरा आता. आणि द्यायचं तरी कोणाच्या नावानं? कागदोपत्री तुम्ही इथं कधी शिकवलेलंच नाही.”

ते खरंच होतं. मी पिशवी उचलली आणि निघाले.

यातून फार काही बदललं असं समजू नका. मृणालची चिठ्ठी आली, तिला वाईट वाटलं म्हणून. माझ्याबद्दल वाईट वाटलं. मावशीबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. मावशी अजून तिथंच कामाला आहे, घर चालवायला दुसरं काम नाही. पेला खिडकीतच आहे. त्या वर्गावर दुसऱ्या कोणाला तरी आणलं, असं तिनंच सांगितलं.

मी आता येरवड्यातच एक खोली घेऊन थाय शिकवते. उन्हाळ्यात, सहा आठवडे, रोज सहा तास. पेठेतलेही येतात, कारण माझ्याइतके स्वर घोटून घेणारं जवळपास दुसरं कोणी नाही. पहिल्या दिवशी मी मराठीत माझं पूर्ण नाव सांगते. आईच्या खाणावळीचं सांगते. माठ एक आहे आणि पेला एक आहे, हे सांगते. ज्यांना जायचं असेल त्यांनी आत्ताच जावं, म्हणते, आणि दार उघडून उभी राहते.

जातात. काहीतरी आठवल्यासारखं करून, मोबाइल बघत जातात. गेल्या वर्षी दोघं गेले. मी त्यांची नावं हजेरीतून कापली, दार लावलं आणि पहिला स्वर म्हणायला घेतला.