एकाच सीटची गाडी

डॉक्टरीणबाई भंगाराच्या नादी लागल्या, असं अख्खं हॉस्पिटल म्हणत होतं. म्हणू देत. साठच्या दशकाच्या सुरुवातीला मी जयपूरच्या त्या हॉस्पिटलातून आसपासच्या खेड्यांत बाळंतपणं करायला जात असे, आणि हॉस्पिटलचा ड्रायव्हर दिवस कलला की भोंगा वाजवायचा. एकदा बाई अडलेली, बाळ आडवं, आणि बाहेर याचा भोंगा. मी उठले नाही. तो गाडी घेऊन चालता झाला. दुसऱ्या दिवशी मी उंटगाडीतून परतले, तर हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांनी झापलं ते मलाच.

त्या रागात मी लष्कराच्या लिलावातली जुनी पिकअप घेतली. ती पेट्रोल पाण्यासारखं प्यायची, म्हणून तिच्यात डिझेल इंजिन बसवायचं ठरवलं. सीकर रोडवरचे भंगारवाले रविवारचे रविवार पालथे घातले. "अपने साहब को भेजिए," प्रत्येकाचं एकच पालुपद. साहब म्हणजे नवरा; तो नव्हताच, तर पाठवू कुणाला? शेवटी मोडीत निघालेल्या एका बसचं इंजिन मिळालं. घरी आईनं कपाळाला हात लावला.

"अगं, चारचौघांत ट्रक चालवणार तू?"

"ते चौघे येणार आहेत का बाळंतपण करायला?" मी म्हटलं.

मग मोठ्या साहेबांनी अट घातली. गाडी तुमची, पण चालवणार आमचाच ड्रायव्हर. लेडी डॉक्टरच्या हातात स्टिअरिंग शोभत नाही म्हणे. मी तडक इंजिन बसवणाऱ्या मिस्त्रीकडे गेले. तो इंजिनाला टेप लावून डोकं खाजवत होता.

"डाक्टरजी, इंजन लंबा है। या तो गाड़ी की नाक बढ़ाऊँ, या इसे पेट में घुसाऊँ।"

नाक, म्हणजे बॉनेट, वाढवलं असतं तर पुढच्या दोन्ही सीटा शाबूत राहिल्या असत्या. इंजिन केबिनमध्ये ओढलं तर फक्त चालवणाऱ्याची उरणार होती.

"पेट में," मी म्हटलं.

"पाँव सिकेंगे आपके।"

"सिकने दो।"

त्यानं दुसरी सीट काढून टाकली, इंजिनावर पत्र्याची पेटी बसवली आणि तिच्यावर गोणपाट गुंडाळलं.

गाडी हॉस्पिटलच्या आवारात उभी केली तसे साहेब बाहेर आले, पाठोपाठ ड्रायव्हर. साहेबांनी केबिनमध्ये डोकावून पाहिलं.

"और आप कहाँ बैठेंगी?"

"यहीं। ड्राइवरजी पीछे बैठ जाएँगे, बेंच पर।"

ड्रायव्हर उसळलाच. "पीछे? धूल में, मरीज़ों के साथ? साहब, मैं भी इंसान हूँ!"

वर्षभर हॉस्पिटलच्या गाडीत पुढे हा आणि कंपाउंडर ऐसपैस बसत, आणि मागच्या बाकावर धूळ खात मी बसत असे. साहेबांनी ते कितीदा तरी फाटकात उभं राहून पाहिलं होतं. आता ते ना त्याच्याकडे बघत होते, ना माझ्याकडे. मी वर चढले आणि गाडी रस्त्यावर काढली.