पुन्हा उघडलेल्या तक्रारी

आमच्या टॉवेलच्या कारखान्यात तक्रारींचं सॉफ्टवेअर मी बसवलं, तेव्हापासून त्याची डोकेदुखीही माझ्याच कपाळी आहे. माग बंद पडला की चालवणारा फोनवरून तक्रार टाकतो. ती जॉबरकडे जाते. माग दुरुस्त करणाऱ्याला आमच्याकडे जॉबर म्हणतात. तो दुरुस्ती करतो आणि तक्रार बंद करतो. सांगायला इतकं सोपं. पण त्या सॉफ्टवेअरमध्ये एका पानावर खूण केली की परिणाम भलत्याच पानावर उमटतो, आणि का उमटला ते सांगायला कोणी नसतं.

आमचे सगळ्यात जुने जॉबर वैरागकडचे. मी नोकरीला लागले तेव्हा मागांच्या खडखडाटाने माझं डोकं भणभणायचं. "कानात घाला ताई, चार दिसात सवय हुतीय," म्हणत हातावर कापूस ठेवणारे हेच. तेव्हापासून ते माझे मामा.

यंदा त्यांना साठ वर्षं पूर्ण झाली. आणखी वर्षभर ठेवायचं की निरोप द्यायचा, हे मालक ठरवणार होते. एका शनिवारी सकाळी त्यांनी माझ्याकडे अहवाल मागितला: कोणाची दुरुस्ती टिकते, कोणाची नाही. मी काढून दिला. बंद होऊन पुन्हा उघडलेल्या तक्रारी सगळ्यात जास्त मामांच्या नावावर होत्या.

"हात थकले त्यांचे," मालक म्हणाले. "सोमवारी बोलतो त्यांच्याशी."

खरं सांगायचं तर क्षणभर मलाही ते पटलं. त्याची लाज मला अजून वाटते.

दुपारी डबा उघडला, पण तो अहवाल मनातून जाईना. म्हणून मामांची एक तक्रार वाचायला घेतली. धोटा अडकत होता, बदलला, तक्रार बंद. दोन दिवसांनी खाली मामांनीच लिहिलं होतं, "आज परत बघितला. बरा चालतोय." आणि त्याच मिनिटाला सॉफ्टवेअरने ती तक्रार पुन्हा उघडली होती. दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. सगळीकडे तेच.

दुरुस्त केलेल्या मागाकडे दोन दिवसांनी परत जायचं, त्यावर हात ठेवायचा, चालवणाऱ्याला विचारायचं, ही मामांची जुनी रीत. पूर्वी ती कुठे लिहिली जात नव्हती. मी फोनवर लिहायला शिकवलं, आणि मामा शहाण्या विद्यार्थ्यासारखे तेही लिहू लागले. आणि मी? बंद तक्रारीवर कोणी काहीही लिहिलं तर ती पुन्हा उघडावी, ही मुळातली खूण मी न वाचता तशीच ठेवली होती. रागावलेल्या गिऱ्हाइकांसाठी असलेली ती सोय. बाकीचे जॉबर परत जातच नव्हते, म्हणून त्यांची पाटी कोरी. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोर माझा.

खूण काढली. तर नवा नियम म्हणे फक्त नव्या तक्रारींना! जुन्या एकेक करून हाताने बंद करणं आलं. ते सॉफ्टवेअर, ते लिहिणारा आणि मी स्वतः, तिघांना शिव्या घालत मी बसले. त्या संतापात एक गोष्ट विसरले. बंद केलेल्या प्रत्येक तक्रारीचा निरोप जॉबरच्या फोनवर जातो.

थोड्याच वेळात मामा धापा टाकत जिना चढून आले. हातातला फोन थांबायला तयार नव्हता.

"काय झालं ताई? समदेच माग बंद पडले की काय?"

मी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि माझी चूक सांगितली. वाटलं, चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं.

"मग मी लिवू नगं व्हय?" त्यांनी हळूच विचारलं.

"लिहा मामा. रोज लिहा," मी म्हणाले. माझा आवाज नको तितका चढला होता.

संध्याकाळी मालकांपुढे नवा अहवाल ठेवला आणि चूक माझी आहे हे सांगितलं. मामांनी लिहिलेलं मालक एकेक करून वाचत गेले. "राहू देत वर्षभर," शेवटी म्हणाले. "आणि बाकीच्यांनाही सांगा, परत जाऊन बघत चला म्हणावं."

सोमवारी सकाळी मामा पुन्हा दारात उभे.

"आता काय बंद पडलं, मामा?"

"काय न्हाय. परवा तुमी ते दुरुस्त केलं न्हवं का? म्हनलं, बघून यावं. बरं चाललंय न्हवं?"

आणि मागावर ठेवतात तसा त्यांनी माझ्या कम्प्युटरवर हलकेच हात ठेवला.

इतक्या वर्षांत माझ्या टेबलाशी जो आला तो तक्रार घेऊनच आला होता. "चाललंय मामा," एवढंच मी म्हणाले.

"मग लिवा की तसं," मामा म्हणाले, आणि जिना उतरून गेले.